‘कान’ नावाचा फोल्डर

उधना
३ जुलै २०२४

योगराज,

खुशाली विचारत नाही. तुला आमची खुशाली हवी असती तर तू माझा नंबर बंद करून ठेवला नसतास. नानांना फोन करून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही. मायला फोन करतोस तो दोन मिनिटांचा, आणि माझं नाव निघालं की ठेवून देतोस. म्हणून पत्र. पोस्टातल्या बाईंनी पाकिटावर कडोदरा वाचून मला विचारलं, “हे तर इथंच आहे, जाऊन का नाही येत?” काय सांगणार त्यांना? ‘माझ्या दारात कोणी पाय ठेवू नका’ असं सांगून गेलेला भाऊ आहे म्हणून?

काम सांगते. छगनकाका आले होते. श्रम कचेरीतून तारीख आली आहे, २२ ऑगस्ट. साहेबांनी विचारलंय की विणाईचे साचे चालवून, त्यांच्या आवाजानं कान गेले म्हणता, तर तपासणीचे रिपोर्ट कुठे आहेत. ते दाखवले नाहीत तर भरपाईचा अर्ज बंद. छगनकाका सरळ आपल्याच दारात येऊन बसले, कारण तू आणि अश्विनी मॅडमनी मागच्या वर्षी रविवारी-रविवारी बसून त्रेचाळीस कारागिरांचे कान तपासले ते याच खोलीत. मॅडम लग्न होऊन परदेशी गेल्या, मशीन त्यांच्या दवाखान्याचं होतं ते परत गेलं. कागद होते ते मागच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा लगदा होऊन गेले. तेव्हा तू इथे नव्हतास. मी आणि माय गुडघाभर पाण्यात पेट्या उचलत होतो.

राहिला तुझा कॉम्प्युटर. तो वर माळ्यावर होता म्हणून वाचला. पेटीतून मायनं कागद काढून दिला, त्यावर तुझं नाव आणि पासवर्ड. मी तो चालू केला. तर काय, काळा पडदा. चित्र नाही, माऊस हलत नाही, काही नाही. एक पांढरी ओळ आणि शेवटी लुकलुकणारी रेघ. त्या ओळीत तुझ्या नावापुढे ‘hilal’ लिहिलेलं आहे. तू कॉम्प्युटरला नानांचं नाव दिलंस हे मला माहीत नव्हतं.

फाइल कुठे आहे आणि ती कशी दिसेल, एवढंच लिहून पाठव. जास्त लिहू नको, तुला त्रास होईल.

जे झालं ते झालं. त्याच्याबद्दल मला बोलायचं नाही.

योगिता


उधना
१२ जुलै २०२४

योगराज,

तुझं कार्ड मिळालं. चौदा महिन्यांनी भाऊ पत्र पाठवतो आणि त्यात दोन अक्षरं. मायनं ते कार्ड उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “आनखी काय लिखेल से?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग हे काय आहे? मी म्हटलं, मंत्र आहे.

तुझं अक्षर नेहमीसारखंच. ते पहिलं अक्षर एल आहे, आय आहे की एकाचा आकडा, हे कोणाच्या बापाला कळणार? मी आकडा टाकला. पडदा म्हणाला, कमांड सापडली नाही. मोठा आय टाकला. सापडली नाही. मोठे LS टाकले. सापडली नाही. दुपारी दीड वाजल्यापासून चार वाजेपर्यंत एकच वाक्य वाचत बसले होते. साडीच्या लेसचं काम तसंच पडलं होतं, काम देणाऱ्या पार्टीचा माणूस दोनदा येऊन गेला. शेवटी रागानं ओळीनं सगळे प्रकार लिहून काढले आणि एकेक तपासले. लहान एल आणि लहान एस. ls. मोठं आणि लहान अक्षर त्याला वेगळं लागतं, एवढं तरी लिहायचं होतंस.

मग चार नावं आली. ‘घरचे’, ‘जुने’, ‘लाइटबिल’, ‘कान’. इंग्रजी अक्षरांत मराठी, चारही निळ्या रंगात. मला वाटलं झालं काम. मी छगनकाकांना बोलावून घेतलं. बिचारे कारागिराच्या सवयीनं पडद्याजवळ कान नेऊन बसले, जणू तो बोलणारच आहे.

निळं म्हणजे आत आणखी काही असतं, हे मला कसं कळलं विचार. ‘ls घरचे’ असं करून पाहिलं, तर आत मायचं रेशनकार्ड आणि माझी दहावीची मार्कशीट सापडली. मग ‘ls कान’ केलं.

काही नाही. खाली परत तीच ओळ, तीच लुकलुकणारी रेघ. मी दहा वेळा केलं. छगनकाका म्हणाले, “बेटा, काय म्हणतंय?” मी म्हटलं, “रिकामं आहे म्हणतंय.”

ते टोपी घालून उठले. दारात म्हणाले, “योगराजनं पुसलं असंल. राग होता पोराला. त्याचं तरी काय चुकलं?”

तुला कोणीच चुकीचं म्हणत नाही, हे तुझं नशीब. मी म्हणते. त्रेचाळीस माणसांनी तुझ्यासमोर कान उघडे केले. चाळीस वर्षांच्या माणसांनी तुला सांगितलं की बायको काय बोलते ते कळत नाही, घरी भांडण होतं. आणि तुला नानांचा राग आला म्हणून तू ते सगळं पुसून गेलास? तसं असेल तर तेवढं लिही. ‘पुसलं’ हा शब्दही ls इतकाच लहान आहे.

योगिता


उधना
२१ जुलै २०२४

योगराज,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी चार अक्षरं, त्यात एक आडवी रेघ. ls -l. पुसलं की नाही, त्याचं उत्तर नाही.

मी पहिल्यांदा रेघ आणि अक्षर सुटं लिहिलं, पडद्यानं नावं ठेवली. मग रेघ जोडून लिहिली. मग आलं. प्रत्येक नावापुढे एक लांबलचक ओळ, डी, आर, डब्ल्यू, एक्स, मग एक आकडा, मग दोनदा तुझं नाव, मग आणखी आकडे, मग तारीख. ‘कान’च्या आत हेच केलं तर फक्त ‘total 0’. एकूण शून्य. तुला हेच दाखवायचं होतं का मला?

मी तीन दिवस त्या पडद्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी नाना कामावरून लवकर आले आणि माझ्या शेजारी बसले. तुला माहीतच आहे, नाना आता साच्यावर नाहीत. भूपेंद्रभाईनं, कारखान्यातली माणसं बघणाऱ्या त्या मेहताजीनं, त्यांना घडीखात्यात घेतलं ते अजून तिथेच आहेत. तिथे कापडाचे ताके दुमडायचे असतात, आवाज नसतो. पण आता त्याचा उपयोग काय, त्यांना आवाज असला-नसला सारखाच. आम्ही पाटीवर लिहून बोलतो. माय तर पाटीवरही रागावते, खडू मोडून ठेवते.

नानांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हाई काय से?” मी पाटीवर लिहिलं, ‘योगराजचा कॉम्प्युटर. काय काय आहे त्याची यादी.’ ‘यादी’ वाचून त्यांनी मान खाली घातली आणि उठून गेले.

मला कॉम्प्युटरचा राग आला, की त्यांचा, की तुझा, सांगता येत नाही. रागारागात मी परत एकदा बाहेरची यादी काढली, चारही नावांची. आणि बघत बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा एक दिसलं. डी-आर-डब्ल्यूनंतर जो पहिला आकडा येतो, तो ‘घरचे’पुढे दोन आहे. ‘लाइटबिल’पुढे दोन. ‘जुने’ खरंच रिकामं आहे, त्याच्यापुढेही दोन. ‘कान’पुढे तीन.

रिकाम्याला दोन असतात तर कानाला तीन का? मी ‘जुने’मध्ये एक नवं फोल्डर करून पाहिलं. ते कसं करतात ते आपल्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या स्नेहाला विचारलं, तिनं तिच्या फोनवर शोधून दिलं. तर ‘जुने’चेही दोनाचे तीन झाले. ते काढलं, परत दोन.

म्हणजे कानात काहीतरी आहे. मला दिसत नाही, पण आहे. खरं की खोटं?

काल छगनकाकांना हे सांगितलं. त्यांना आकड्यांचं कळलं नाही, पण चेहरा उजळला. मग म्हणाले, “एक मनात राहतं बघ. आम्ही बारा जणांनी साक्षीला नावं दिली. ती तिसऱ्याच दिवशी शेठच्या टेबलावर गेली आणि बाराही जणांना काम नाही म्हणून काढलं. हिलालभाऊला मी पंचवीस वर्षं ओळखतो. बाजूबाजूला साचे चालवले आम्ही. त्यानं असं का केलं असंल?”

मी चहा ठेवायला आत गेले.

योगिता


उधना
३१ जुलै २०२४

योगराज,

कार्ड मिळालं. ls -a. त्याखाली लिहिलंस, ‘वाचायचं असेल तर cat आणि फाइलचं नाव.’ आणि त्याखाली, ‘ताई, तीनाचं तुला कसं दिसलं?’

मायला ती शेवटची ओळ मी चार वेळा वाचून दाखवली. तिला त्यातलं तीन काय ते कळलं नाही, ‘ताई’ कळलं.

सापडलं. नावाच्या आधी एक टिंब दिलं की फोल्डर नुसत्या ls ला दिसत नाही, हे आता कळलं. ‘.यादी’. आत त्रेचाळीस फाइली, प्रत्येकीवर कारागिराचं नाव. छगनकाकांची उघडली. उजवा कान, डावा कान, किती आवाजाला ऐकू आलं त्याचे आकडे, खाली तुझं वाक्य : ‘नातीचं रडणं ऐकू येत नाही, ती झोळीत हलते तेव्हा कळतं.’ नानांचीही होती. ती मी उघडली आणि लगेच बंद केली.

स्नेहाच्या दुकानात सगळं छापायचं ठरलंय. छगनकाका तिच्या दुकानासमोर पाटावर बसून आहेत, जसं काही कागद पळून जातील. आज मी तुला काही वाईट बोलणार नाही. पुसलं म्हणाले होते, ते परत घेते.

त्रेचाळीस झाल्यावर खाली एक चव्वेचाळिसावी फाइल आहे. ‘नोंद’ असं नाव. ती वाचायची राहिली आहे.

ताई


उधना
५ ऑगस्ट २०२४

योगराज,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पोस्टात टाकणार आहे.

‘नोंद’ वाचली. तू ती घर सोडण्याच्या आदल्या दिवशी लिहिलीस, तारीख यादीतच दिसते. बारा जणांची नावं, कोण कधी काढला गेला, कोण गावी परत गेला. आणि शेवटी तू हिशेब मांडावा तसं मांडलंस : ‘साक्षीदारांचा कागद घरात होता. तो तिघांनीच पाहिला. मी, नाना, ताई. मी नाही. ताई हे करणार नाही. राहिले नाना.’

ताई हे करणार नाही.

योगराज, ताईनं केलं.

नावं मी दिली. नानांना त्या कागदावर काय आहे हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. भूपेंद्रभाई मला बाजारात भेटला होता, भाजीच्या हातगाडीशी. फार गोड बोलला. म्हणाला, “हिलालभाईला आम्ही आवाजातून बाहेर काढू, घडीखात्यात बसवू. फक्त तुमच्या घरी चाललंय काय, कोण कोण आहे, एवढं सांगा म्हणजे शेठला समजावता येईल. कोणाचं वाईट होणार नाही.” त्या आठवड्यात नाना मागून येणारा टेम्पो न ऐकू आल्यानं रस्त्यात पडले होते, कपाळाला टाके होते. मला वाटलं, आता एक महिना जरी साच्यापाशी राहिले तर उरलंसुरलंही जाईल. मी घरी आले. तू अंघोळीला गेला होतास. कागद तुझ्या वहीत होता. बारा नावं मी लेसच्या बिलामागे लिहून घेतली आणि संध्याकाळी त्याला दिली.

कोणाचं वाईट होणार नाही, हे मला खरं वाटलं होतं असं लिहायचा मोह होतो. नाही वाटलं. थोडंफार होईल आणि निभेल, असं वाटलं होतं.

नाना आठ दिवसांनी घडीखात्यात गेले. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. तूही केलेस. त्या दिवशी तू नानांच्या समोर उभा राहून बोललास, “तुमचे कान गेले ते बरं झालं, लोकांच्या शिव्या तरी ऐकू येणार नाहीत.” नाना तुझ्या तोंडाकडे बघत होते. माय रडत होती. मी दाराआड लेसचा बंडल धरून उभी होते. दोन पावलं टाकून बाहेर यायचं आणि तीन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. तू पिशवी उचललीस, मी तिथेच उभी.

मग रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, आता सांगून काय होणार. चौदा महिने झाले. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, ‘जे झालं ते झालं.’ छगनकाका विचारत होते तेव्हा चहा ठेवायला गेले. तुझ्यावर चिडले, तुझ्या अक्षरावर चिडले, पडद्यावर चिडले. चिडायला कोणीतरी लागतंच.

एकोणीस तारखेला राखी आहे. या पाकिटात राखी नाही, शोधू नको. मला ती पाठवायचा हक्क वाटत नाही.

नानांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहिलं, कारण कागदावर सोपं जातं.

योगिता


उधना
१३ ऑगस्ट २०२४

योगराज,

तुझं कार्ड आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

रविवारी सकाळी मी नानांच्या पुढ्यात बसून पाटीवर लिहिलं, ‘नावं मी दिली भूपेंद्रभाईला. तुम्हाला घडीखात्यात घ्यावं म्हणून.’

त्यांनी वाचलं. पाटी मांडीवर ठेवली. मग शर्टाच्या बाहीनं अक्षरं पुसतील असं मला वाटलं. पुसली नाहीत. म्हणाले, “माले म्हाईत व्हतं.”

भूपेंद्रभाईनंच त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बोलून नाही, ऐकू येत नाही हे त्याला माहीत. माझं लेसचं बिल दाखवलं, मागच्या बाजूनं. माझं अक्षर नाना ओळखतात. म्हणजे तू त्यांच्यासमोर उभा राहून ते बोललास तेव्हा त्यांना माहीत होतं.

मी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, ‘मग बोलला का नाहीत?’

ते म्हणाले, “पोऱ्या घर सोडी जायी, ते परत येवाले रस्ता ऱ्हास. पोरगीले लोकेस्नी टाकी दिधी ते ती कोठे जायी?”

मला इतका राग आला त्यांचा. असं कोणी मागितलं होतं? माझ्यासाठी म्हणून त्यांनी पंचवीस वर्षांचा मित्र गमावला, मुलगा गमावला, आणि मला सांगितलंही नाही, म्हणजे मी त्यांच्यासाठी केलं आणि त्यांनी माझ्यासाठी, आणि दोघांनी मिळून बारा घरं बुडवली. माय मधेच ओरडली, “तुम्ही दोन्ही गप्प बसा आते.” कोणीच काही बोलत नव्हतं खरं तर.

नाना उठले, टोपी घातली, पाटी हातात घेतली. “ऊठ. चाल.”

बारा घरं, योगराज. त्यातली तीन कुलूपबंद, ती माणसं गावी गेली. नऊ दारांत आम्ही उभे राहिलो. नाना नुसते बाजूला उभे. मला तोंडानं सांगावं लागलं, मोठ्यानं, कारण आतल्या माणसांचेही कान गेलेले. शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. एका कारागिराच्या घरच्या पुष्पाबाईंनी दार आपटलं. एकानं फक्त पाणी विचारलं, ते मला आपटलेल्या दारापेक्षा जड गेलं. एकाच्या आईनं विचारलं, “आता सांगून माझ्या मुलाला काम मिळणार आहे का?” मी म्हटलं, नाही.

छगनकाकांकडे सगळ्यात शेवटी गेलो. ते माझ्याकडे पाहत नव्हते, नानांकडे पाहत होते. नानांच्या हातातली पाटी घेतली, वाचली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “तू मला तरी सांगायचं होतं ना रे!” नानांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. दोघं ओट्यावर बसून राहिले.

कलाकाकू, छगनकाकांच्या घरच्या, मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “२२ तारखेला हे साहेबांसमोर बोलशील का? शेठ म्हणतो त्याला यादीचं माहीतच नव्हतं. काम कमी होतं म्हणून काढलं म्हणतो.”

मी अजून हो म्हटलेलं नाही. हो म्हटलं तर नानांचं घडीखातं गेलं. नानांना विचारलं नाही. विचारलं तर ते हो म्हणतील.

योगिता


उधना
२५ ऑगस्ट २०२४

योगराज,

तू आला होतास. दाराशी उभा होतास, मागच्या भिंतीला टेकून, तुला मी साहेबांनी नाव पुकारलं तेव्हाच पाहिलं. बारीक झाला आहेस. तुला सगळं दिसलं असेल, पण दाराशी ऐकू किती आलं असेल कोण जाणे, तिथे पंखा फार आवाज करत होता. म्हणून लिहिते.

कॉम्प्युटर आम्ही रिक्षात घालून नेला. छापील कागद होतेच, पण शेठच्या वकिलानं पहिलंच वाक्य टाकलं की हे रिपोर्ट आता, तारीख लागल्यावर बनवले आहेत. साहेबांनी विचारलं, आधीचे आहेत याला काय आधार? मग मी तो काळा पडदा चालू केला. पहिल्यांदा मोठीच अक्षरं पडली, कमांड सापडली नाही, कोणीतरी हसलं. परत लिहिलं. ‘नोंद’ सोडून त्रेचाळीस ओळी आल्या. प्रत्येक ओळीत तारीख, फेब्रुवारी ते एप्रिल २०२३. बारा जणांना मे महिन्यात काढलं. साहेब खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले आणि बोटानं ओळी मोजल्या. वकील म्हणाला, तारखा बदलता येतात. साहेब म्हणाले, “येत असतील. ते तज्ज्ञाला विचारू. आता मला मोजू द्या.”

मग मी सांगितलं. लेसचं बिल, बाजार, भूपेंद्रभाई, बारा नावं, तारीख. कलाकाकूंनी पढवलं होतं त्यापेक्षा जास्तच सांगितलं. वकिलानं विचारलं, “म्हणजे तुम्ही स्वतःच नावं फोडली आणि आता आमच्यावर ढकलता?” मी म्हटलं, “माझ्यावरचं मी घेतलंय. तुमच्यावरचं तुम्ही घ्या.” हे मी ठरवून बोलले नव्हते.

निकाल नाही. सगळ्यांची सरकारी दवाखान्यात नव्यानं तपासणी, आणि पुढची तारीख ऑक्टोबरची. माझा जबाब लिहून घेतला, खाली सही घेतली. शेठला नोटीस काढतो म्हणाले, यादी मिळाली होती की नाही ते लेखी द्या म्हणून. छगनकाका बाहेर येऊन म्हणाले, अर्ज बंद झाला नाही, आज एवढं पुरे. पुष्पाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पण रिक्षात कॉम्प्युटर चढवताना एका बाजूनं हात त्यांनी लावला.

जिन्यात तू मला गाठलंस तेव्हा मला वाटलं तू शिव्या देशील. तू विचारलंस, “दाराआड होतीस त्या दिवशी?”

“हो.”

“मी काय बोललो ते ऐकलंस?”

“हो.”

“आणि गप्प राहिलीस.”

“हो.”

तू नानांकडे पाहिलंस. ते खाली रिक्षापाशी उभे होते, पाठमोरे. तू हाक मारली नाहीस, मारून उपयोगही नव्हता. खाली जाऊन त्यांच्या समोर उभा राहायला हवं होतं, आणि ते तुझ्याच्यानं झालं नाही. तू मागच्या फाटकानं गेलास. मी तुला दोष देत नाही. समोर जाऊन उभं राहायला मलाच चौदा महिने लागले.

शुक्रवारी सकाळी नाना घडीखात्यात गेले आणि अर्ध्या तासात परत आले. दोन दिवस घरी बसून आहेत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माय म्हणते, घरात माणूस दिसतो तरी.

आज त्यांनी मला हे पत्र लिहिताना पाहिलं. पाटीवर मी लिहिलं, ‘योगराजला लिहिते आहे. तुम्हाला काही सांगायचंय?’

त्यांनी वाचून पाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “त्याले लिख, तू त्या दिनले जे बोलना, ते माले काहीच ऐकू उनं नही.”

लिहिलं.

योगराज, हे खोटं आहे. त्यांना ओठांवरून थोडंफार कळतं, तुझं तर सगळंच, तू बोलायला शिकलास तेव्हापासून ते तुझ्या तोंडाकडे बघतायत. तू गेल्यावर त्यांनी मायला विचारलं होतं, ‘लोक खरंच शिव्या देतात का?’

त्यांनी सांगितलं ते लिहिलं. खरं काय ते मी लिहिलं. आता दोन्ही तुझ्याजवळ आहेत.

ताई